प्रक्षोभक, द्वेषमूलक की चिथावणीखोर?

हेट स्पीचला मराठीत नेमकं काय म्हणायचं? पेपरात 'प्रक्षोभक भाषण' येतं, कुठे 'द्वेषमूलक', कुठे 'भडकाऊ'. सगळं एकच का?

— एकच नाही हो. प्रक्षोभक म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं तापेल असं, गिरणी कामगारांच्या सभेतलं भाषणसुद्धा प्रक्षोभक असायचं, त्यात कुणाच्या जातीधर्माचा द्वेष असेलच असं नाही. आणि चिथावणीत 'जा, कर' हे आलंच. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये अल्पसंख्याक तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला, तिथला आरटीएलएम रेडिओ घ्या, १९९३ मध्ये सुरू झाला, मस्त गाणी, गप्पा, आणि मधेमधे तुत्सींना 'इन्येंझी' म्हणजे झुरळं म्हणायचं. हा झाला द्वेष. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि मग त्याच रेडिओवरून माणसांची नावं, ठिकाणं सांगायला लागले. 'कामाला लागा' असं म्हणायचे, काम म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. २००७ मध्ये रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठानेही हाच फरक केला, ६ एप्रिलनंतरचं प्रसारण वंशसंहाराची थेट चिथावणी, आधीचं तसं सिद्ध झालं नाही. मला ते थोडं कोरडं वाटतं, आधी झुरळ केलं म्हणूनच नंतर मारता आलं ना, पण शब्दापुरतं बोलायचं तर बरोबर आहे.

— पण ते खाजगी स्टेशन होतं ना? मग त्याला 'सरकारपुरस्कृत' का म्हणतात?

— कागदावर खाजगी. संस्थापकांपैकी नाहिमाना आधी सरकारी माहिती खात्याचा प्रमुख, बारायाग्विझा परराष्ट्र खात्यात, आणि बरेच भागधारक राष्ट्राध्यक्षांच्या गोटातले. 'सरकारी' नाही पण 'सरकारपुरस्कृत' शंभर टक्के, पुरस्कृतचा अर्थच तो, नाव दुसऱ्याचं आणि पाठबळ सरकारचं.

— आणि बाहेरच्या मीडियाचं काय, ते तर 'ट्रायबल' हिंसाचार, यादवी असंच लिहीत होते सुरुवातीला. यादवी म्हटलं की दोन्ही बाजू आपसात भांडतायत असं वाटतं, मारणारा कोण ते गायबच!

— हो, आणि रेडिओ जॅम करा म्हटल्यावर अमेरिकेने खर्च आणि कायद्याच्या अडचणी सांगितल्या. तिथे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आठवलं. पाचच वर्षांनी, २३ एप्रिल १९९९ ला, नाटोने सर्बियातल्या बेलग्रेडच्या सरकारी टीव्हीची इमारतच बॉम्बने उडवली, १६ कर्मचारी मेले. कारण काय दिलं, तर प्रोपगंडा.