मदत हवी आहे : स्फोटानंतर गुप्तवार्ता तपास अधिकाऱ्यापर्यंत कशी पोहोचते?

नमस्कार. मी सोलापुरात राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करते. अंतर्गत सुरक्षेवरील टिपण लिहिताना एका जागी अडले आहे. पोलीस खात्यातील किंवा फौजदारी वकिली करणाऱ्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कागदावरची रचना समजली आहे. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यसूचीत येतात, तर इंटेलिजन्स ब्यूरो ही देशांतर्गत गुप्तवार्ता गोळा करणारी संस्था केंद्राच्या गृह मंत्रालयाखाली आहे. या दोहोंना जोडणारे मल्टी एजन्सी सेंटर कारगिल युद्धानंतर २००१ मध्ये ब्यूरोतच सुरू झाले आणि २६/११ नंतर त्याला बळ देण्यात आले. त्याच सुमारास आलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणा कायदा, २००८ च्या कलम ६ नुसार पोलीस ठाण्याचा अहवाल राज्य शासनामार्फत केंद्राकडे जातो, आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) द्यायचा की नाही हे केंद्र पंधरा दिवसांत ठरवते. एनआयए तपास हाती घेईपर्यंत मात्र तो स्थानिक पोलिसांनीच चालू ठेवायचा असतो.

माझा प्रश्न या मधल्या दिवसांचा आहे. समजा, उद्या आमच्या रेल्वे स्थानकावर स्फोट झाला. फलाटावर लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, स्थानकाबाहेर शहर आयुक्तालय, हद्द ओलांडली की ग्रामीण पोलीस, आणि अक्कलकोटच्या पुढे कर्नाटक. शिवाय राज्याचे दहशतवादविरोधी पथक (एटीएस) येणार ते वेगळेच. अशा वेळी ब्यूरोकडे संशयिताचा एखादा दूरध्वनी क्रमांक असेल, तर तो थेट तपास अधिकाऱ्याला मिळतो, की आयुक्तांकडून उतरत येतो?

माझे मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना विचारले तर ते हसले. "सतर्क राहा एवढाच बिनतारी संदेश यायचा, त्याची स्टेशन डायरीत नोंद करायची आणि एसटी स्टँडवर जाऊन पिशव्या तपासायच्या, कुणाची पिशवी, ते कुणी सांगत नसे," असे त्यांचे म्हणणे. संदेशात नाव नाही, वर्णन नाही, मग शिपायाने शोधायचे तरी काय? हा एका माणसाचा अनुभव आहे, हे मान्य. पण पुस्तकातील 'समन्वय' या शब्दापेक्षा तो मला अधिक बोलका वाटला.

शिवाय अडचण केवळ केंद्र-राज्य यांच्यातली नसावी. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा तपास एटीएसने केला; २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या आरोपींना पकडले, तेव्हा त्याच स्फोटांबाबत निराळीच हकीकत पुढे आली. दोन्ही शाखा एकाच राज्याच्या. पुढे २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. निकालाचा भर पुराव्यातील त्रुटींवर होता, त्यामुळे त्याचे खापर मी माहितीच्या देवाणघेवाणीवर फोडणार नाही.

येथेच माझा दुसरा प्रश्न येतो. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे संरक्षण पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२५ मध्ये होते आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. मग ब्यूरोच्या खबरेवरून अटक झाली, तर दोषारोपपत्रात आरोपीपर्यंत पोहोचण्याचा दुवा कसा दाखवतात? 'गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली' एवढ्या एका ओळीवर न्यायालयात निभावते का? कोणी असा खटला चालवला किंवा जवळून पाहिला असल्यास, नावे वगळून, प्रत्यक्षातील पद्धत कृपया लिहावी.