बिल करताना मुलांचा नंबर आणि जन्मतारीख कशाला हवी?

मूळ मुद्दा
परवा माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने दुकानात हेडफोन घेतले, पैसे रोख दिले. तरी काउंटरवर "नंबर सांग", मग "जन्मतारीख?" तिने घडाघडा सांगून टाकलं, रांगेतले चार जण ऐकत होते. कशासाठी हवंय, हे ना तिने विचारलं ना त्यांनी सांगितलं. रात्री तिच्या फोनवर ऑफरचे तीन मेसेज. मला फार राग आला.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे: बिलाला जे लागत नाही, ते मुलांना विचारूच नये.

प्रतिसाद १
मी दुकान चालवतो. नंबर असला की बिल हरवलं तरी वस्तू बदलून देता येते, वॉरंटी सापडते. आणि समोरचा सतराचा की एकोणीसचा, हे ओळखायचं कसं? वय तपासायला ओळखपत्र मागायचं, संमतीला वडिलांचा नंबर घ्यायचा, म्हणजे माहिती उलट वाढलीच की!

मूळ मुद्दा मांडणारी
म्हणूनच म्हणते, मागूच नका. वॉरंटी हवी असेल तो आपणहून नंबर देईल. जन्मतारखेने कुठली वॉरंटी सापडते?

प्रतिसाद २
जन्मतारखेचं पटलं. पण पालकांच्या संमतीवर माझा भरवसा नाही. सतरा वर्षांच्या मुलीने औषधाच्या दुकानातून काय घेतलं, हे संमतीच्या निमित्ताने घरी कळणार असेल, तर तिची गोपनीयता राहिली कुठे? युरोपात ऑनलाइन सेवांसाठी पालकांच्या संमतीची ही वयोमर्यादा १६ आहे, देशांना ती १३पर्यंत खाली आणता येते. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने ऑनलाइन सेवांसाठी १३ धरली. आपण आठ वर्षांचं पोर आणि कॉलेजातली मुलगी एकाच पारड्यात टाकलीत.

प्रतिसाद १
आणि वहीत लिहिलेला नंबर? तो कायदा डिजिटल माहितीचा आहे. वहीतलं कॉम्प्युटरवर चढवलं, तरच लागू.

मूळ मुद्दा मांडणारी
वही काउंटरवर उघडी असते. पुढचं गिऱ्हाईक वाकून माझ्या मुलीचं नाव आणि नंबर वाचू शकतं. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

प्रतिसाद १
वहीचं मान्य. आमची उद्यापासून ड्रॉवरमध्ये. नंबर मात्र विचारणार, 'नको' म्हटलं तर बिल तसंच करणार.