सांगलीत फ्लॅटमध्ये शिकायला डिजिटल पियानो: 50 हजारांत काय घ्यावं?

विश्रामबागकर:
मुलगी 9 वर्षांची आहे, तिला पियानो सुरू करायचाय. घर विश्रामबागला, दुसरा मजला. खालच्या फ्लॅटमध्ये वयस्कर जोडपं आहे आणि दुपारी त्यांची झोपेची वेळ असते. एकूण बजेट 50 हजार, त्यातच स्टँड, स्टूल, हेडफोन सगळं बसवायचंय. दुकानात 61 पट्ट्यांचा कीबोर्ड सुचवतायत, ताल आणि आवाज भरपूर मिळतात म्हणून. ऑनलाइन 88 पट्ट्यांचे 15 हजारांतही दिसतात. पुढे ट्रिनिटीच्या (ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीताच्या) परीक्षा द्यायचा विचार आहे. नेमकं काय बघून घ्यावं? आणि हेडफोन लावले की खालच्यांचा प्रश्न मिटतो का?

कृष्णाकाठ:
आधी परीक्षेचं नक्की करा. ट्रिनिटीत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत, दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला ऑटो अकंपनीमेंट, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले दोन-तीन सूर) धरला की ताल आपोआप वाजणं, लागतं. त्याला 61 पट्ट्यांचा कीबोर्डच योग्य. पियानोचा अभ्यासक्रम असेल तर त्या तालांचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडच्या क्लासमध्ये 'पियानो' म्हणून बऱ्याचदा कीबोर्डच शिकवतात, तेव्हा मॅडमना किंवा सरांना थेट विचारा: परीक्षेचा फॉर्म कोणत्या विषयाचा भरणार?

उत्तर पियानो असेल, तर पैसे पट्ट्यांवर घाला. बाकी सगळं दुय्यम. जाहिरातीत तीन गोष्टींची सरमिसळ करतात. 'टच रिस्पॉन्स' म्हणजे जोरात दाबलं की आवाज मोठा, एवढंच. पट्टी स्प्रिंगवर हलकीच असते. 'सेमी वेटेड' म्हणजे तीच स्प्रिंग जरा कडक. 'हॅमर अॅक्शन'मध्ये प्रत्येक पट्टीमागे खरोखर एक वजन उचललं जातं आणि आपल्या भाराने खाली येतं. बोटांना ताकद आणि हळू वाजवण्यावरचा ताबा याच्यामुळेच येतो. 15 हजारांतल्या 88 पट्ट्या पहिल्या दोन प्रकारातल्या असतात. वर्णनात हॅमर शब्द नसेल तर पुढे वाचूच नका.

तुमच्या बजेटच्या आसपास बघण्यासारखे तीन: कॅसिओ सीडीपी-एस110, यामाहा पी-145, रोलँड एफपी-10. तिन्हींना 88 पट्ट्या आहेत आणि तिन्ही हॅमरवाले. कॅसिओ सगळ्यात हलका, साधारण साडेदहा किलो, आणि बहुधा स्वस्तही तोच पडेल. पट्ट्यांच्या बाबतीत एफपी-10 सरस: तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येतो, शिवाय फोनशी ब्लूटूथने जोडता येतो. पण तो घेतला तर स्टँड-हेडफोनला काही उरणार नाही. पी-145 मधला मार्ग, ब्लूटूथ नाही, यूएसबी केबल लागते.

पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजत राहू शकतात, 64 की 96 की 192 यावर डोकं शिणवू नका. पहिली तीन-चार वर्षं 64 भरपूर होतात. सूर लांबवणारं पायाचं पेडल दाबून लांबलचक तुकडे वाजवायला लागलं की मगच जुने सूर मध्ये तुटल्याचं जाणवतं. वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज 10 आहेत की 600, तेही सोडा.

50 मधले 8-9 हजार आधीच बाजूला काढा, ते सामानाला लागणारच आहेत.

पेटीवाला:
कृष्णाकाठ यांच्याशी बाकी सहमत, पण 9 वर्षांच्या मुलीला आवड टिकेल की नाही हे माहीत नसताना सगळ्यांनाच 45 हजार घालणं जमत नाही. ज्यांचं बजेट निम्मं आहे त्यांनी यामाहा पीएसआर-ई373 सारखा टच रिस्पॉन्सवाला 61 पट्ट्यांचा घेऊन वर्षभर चालवावं. सुरुवातीचे धडे मधल्या चार सप्तकांतच असतात. फक्त टच रिस्पॉन्स नसलेला नको. पीएसआर-एफ52 मध्ये तो नाही. हळू वाजवा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. त्यावर हाताला चुकीचं वळण लागतं आणि ते मोडायला फार त्रास पडतो.

घरात कुणी पेटी वाजवत असेल तर अजून एक. पेटीतली पांढरी एक म्हणजे पियानोतला सी, काळी एक म्हणजे सी शार्प. पियानोत ट्रान्सपोझचं बटण असतं, त्याने गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, बदलता येते. भजनाच्या साथीला ते सोयीचं आहे, पण शिकणाऱ्या मुलीच्या हाताशी ते शून्यावरच ठेवा. नोटेशनमध्ये सी लिहिलेला आणि कानाला दुसराच सूर, असं झालं की वाचन आणि कान दोन्ही बिघडतात.

स्लॅब_आणि_बीम:
खालच्यांच्या प्रश्नाकडे वळतो. हेडफोन लावल्याने स्पीकर बंद होतात, पट्ट्यांचा ठोका नाही. हॅमरवाली पट्टी तळाच्या फेल्टवर आपटते, तो धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत आणि स्लॅबमधून खालच्या छतात उतरतो. वाजवणाऱ्याला तो जाणवतही नाही, पण खाली मात्र बोटाने दार ठोठावल्यासारखी बारीक 'ठक ठक' येत राहते. पेडल आपटण्याचाही तसाच.

उपाय क्रमाने. पियानो खोलीच्या मधोमध ठेवू नका. स्लॅब मध्यावर जास्त हलतो, बीमजवळ कमी. भिंतीलगत ठेवा, पण पाच-सहा सेंटिमीटर मोकळे सोडून. ती भिंत शेजाऱ्यांबरोबरची सामाईक नसेल तर उत्तम.

मग खाली थर द्या. सगळ्यात खाली जिममध्ये अंथरतात ते 10-12 मिलिमीटर जाडीचे रबर मॅट, त्यावर 18 मिलिमीटरचा प्लाय, साधारण 5 बाय 2 फूट, त्यावर स्टँड. प्लाय वगळू नका. पायांचा सगळा भार रबरावर चार ठिपक्यांत पडला तर रबर तिथे पूर्ण दबतं आणि धक्का सरळ खाली जातो. प्लाय तो भार पसरवतो. कोडं जोडल्यासारखे जोडायचे रंगीत फोम मॅट एकटे वापरले तर नेमकं हेच होतं. खर्च जमत नसेल तर वॉशिंग मशीनच्या पायांखाली लावायचे रबर पॅड चार घ्या. त्याने पूर्ण थांबत नाही, बराच कमी होतो. पेडल प्लायवरच ठेवा आणि त्याखाली न घसरणारं मॅट असू द्या. स्टूल मात्र प्लायच्या बाहेर.

हेडफोन तारेचेच, कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि पट्टी दाबल्यावर सूर मागून येतो, त्याने लय शिकणंच अशक्य होतं. पियानोचं हेडफोनचं छिद्र 6.3 मिलिमीटरचं आहे की 3.5 चं हे बघून कन्व्हर्टर घ्या. मुलीचा हात लागण्याआधी व्हॉल्यूम एक तृतीयांशावर ठेवा.

विश्रामबागकर:
सगळ्यांचे आभार! सर म्हणाले फॉर्म पियानोचाच भरायचा. आता दोन शंका: कोल्हापुरात एक वापरलेला यामाहा पी-45 मिळतोय, तो बघावा का? आणि घरच्या स्टडी टेबलवर ठेवला तर स्टँडचे पैसे वाचतील का?

कृष्णाकाठ:
टेबल नको. ते साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं, वर पियानो ठेवला की पट्ट्या 83-85 वर जातात. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून 72-73 सेंटिमीटरवर हवा, म्हणजे मनगट आणि कोपर सरळ रेषेत येतात. एकेरी दांड्याचा एक्स स्टँडही टाळा, जोरात वाजवलं की डोलतो. कंपनीचा स्टँड परवडत नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपचा करून घ्या: वरचा टेकू 62-64 सेंटिमीटरवर आणि मागे आधाराला तिरपा दांडा. मुलीचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

पी-45 चालेल, पट्ट्या नीट असतील तर. बघायला जाताना हेडफोन न्या. वीज चालू करून डावीकडून एकेक पट्टी अगदी हळू दाबत सगळ्या 88 तपासा, मग तेच मध्यम जोरात. पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा टेकण्यातल्या वेळेवरून यंत्र जोर ओळखतं. त्यात धूळ किंवा ओल गेली की हळू दाबूनही सूर एकदम किंचाळतो, नाहीतर मुकाच राहतो. पावसाळ्यात कपड्याविना उघडा पडलेल्या पियानोत हे हमखास होतं. एक-दोन पट्ट्या असतील तर कारागीर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसून देतो, पण खर्च किमतीतून वजा करून मागा. दहा-बारा असतील तर सोडून द्या.

दुसरी तपासणी: दहा रुपयांची सात नाणी एकावर एक सेलोटेपने गुंडाळा, सुमारे 54 ग्रॅम होतात. ती पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेवर ठेवून शेजारशेजारच्या पट्ट्या बघा. सगळ्या सारख्याच वागायला हव्यात. डावीकडच्या थोड्या जड असणं बरोबर आहे. एखादी बाकीच्यांपेक्षा झपकन खाली जाते किंवा वर यायला रेंगाळते, तर आतलं ग्रीस किंवा फेल्ट गेलंय. पट्टी आडवी हलवून 'टक' आवाज येतो का तेही ऐका.

पेटीवाला:
अॅडॉप्टर मूळचाच आहे ना बघा. पी-45 ला 12 व्होल्टचा लागतो, आणि पिन बसली म्हणजे चालेल असं नाही. पियानो आणि अॅडॉप्टर दोन्हींवर छापलेली प्लस-मायनसची खूण जुळली पाहिजे. आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद झाला तर बिघाड समजू नका, यामाहात ती सोय मुद्दाम दिलेली असते. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर बंद करून पेडल जोडा आणि पाय न ठेवता पुन्हा चालू करा. दुसऱ्या कंपनीच्या पेडलला खालच्या बाजूला यासाठीच एक छोटा स्विच असतो.