चालणं रोज होतं, पण म्हातारपणी जमिनीवरून उठता येईल का?

मांजलपूरकर:
वय 52. रोज सकाळी कमाटीबागेत पाऊण तास चालते, साखर-बीपी ठीक आहे. पण आईकडे बघून धास्ती वाटते. 78 वर्षांची आहे, मोठा आजार नाही, तरी खाली बसली की उठायला कुणाचा तरी हात लागतो. गौरींची आरास यंदा तिने खुर्चीवर बसूनच सांगितली. चालणं पुरेल ना? जिम माझ्याच्याने व्हायची नाही. घरातल्या कामात मिसळून जाईल असं काही सांगा.

रावपुऱ्याचे आजोबा:
ताई, नुसतं चालणं पुरत नाही. वाकून बसणं आणि शरीर वर उचलणं हे मांड्यांचं काम, ते सपाट रस्त्यावर फारसं होतच नाही. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जागतिक आरोग्य संघटना त्याच्याच जोडीला दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं हे आपलं बडोदं, बैठकांचं महत्त्व आपल्याला बाहेरच्यांनी सांगायला नको! मी 71 चा, पूर्ण बैठका आता काढत नाही. सकाळी कुकर चढवला की शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतो. दात घासताना एका पायावर उभा राहतो, बेसिन हाताशी असतं. आणि दोन्ही वेळचं जेवण पाटावर. ही सवय मात्र कुणी मोडू नये असं मला फार वाटतं.

फतेगंज फिजिओ:
आजोबांशी सहमत. फक्त गुडघा दुखत असेल तर पाटाचा हट्ट नको. आईंच्या खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, जमायला लागलं की उशी काढा. वय आड येत नाही. 1990 साली बोस्टनमध्ये नव्वदीतल्या लोकांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्याही मांड्यांची ताकद चांगलीच वाढली. जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर रोज हवं. रात्री नुसता चहा-खाखरा नको.

मांजलपूरकर:
उशीवरून आई उठली! पण हात टेबलावर टेकतेच.

फतेगंज फिजिओ:
टेकू द्या. आधी दोन्ही हात, मग एक, मग नुसती बोटं. खुर्ची भिंतीला लावा, म्हणजे सरकणार नाही. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कधी कधी बीपीच्या गोळीनेही तसं होतं.