निळूभाऊंना फक्त 'वाड्यावरचा पाटील' म्हणून लक्षात ठेवणं बरोबर आहे का?

रेशीमबागचा रंगकर्मी
राज्य नाट्य स्पर्धेची तालीम चालू आहे, तिथल्या पोरांना विचारलं निळू फुले म्हटलं की काय आठवतं, तर सगळ्यांनी एकच नक्कल केली. मान तिरकी, डोळे बारीक, "बाई, वाड्यावर या". वाईट वाटलं हो. हा माणूस सेवा दलाच्या कलापथकातून आला, वगनाट्यं केली, 1972 ला 'सखाराम बाइंडर' हे नाटक केलं ज्याच्यासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना सेन्सॉरशी भांडत कोर्टात जावं लागलं. त्यातला सखाराम टाकलेल्या बाईला घरी आणतो आणि आल्या आल्या घराचे नियम ऐकवतो, क्रूर आहे पण लपवत काहीच नाही, आणि तोच मृदंगावर बसला की वेगळाच माणूस. अशी भूमिका पेलणारा नट, त्याला मराठी सिनेमानं वर्षानुवर्षं तोच फेटा, तीच मिशी, तोच वाडा दिला. माझं स्पष्ट मत आहे, पडद्यानं त्यांना नाव दिलं पण नट म्हणून लहान केलं. पटत नसेल तर सांगा.

कामठीकर
नाही पटत दादा. तुम्ही नाटकवाले सिनेमाला नेहमी खालीच ठेवता. 1968 ला 'एक गाव बारा भानगडी' आला नसता, त्यातला झेलेअण्णा गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये पोचला नसता, तर सखारामला कोण ओळखत होतं? नाटक किती गावात गेलं? आणि व्हिलन म्हणजे कमी काम हे कोणी ठरवलं? बायका खरोखर शिव्या घालायच्या त्यांना. आमच्याकडं साखरसम्राट नव्हते, मालगुजार म्हणजे जमीनदार होते, तरी आमची आजी पडद्यावर त्यांना पाहून आमच्याच गावातल्या एकाचं नाव घ्यायची. सत्ता कशी दिसते, कशी बोलते, हे खेड्यातल्या माणसाला त्यांनी दाखवलं. ते काय लहान काम आहे का?

रेशीमबागचा रंगकर्मी
भाऊ, 'सामना'तला हिंदुराव मी मोजतोच आहे, तो 1975 ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा आहे. पण तिथं विजय तेंडुलकरांनी लिहिलेला माणूस होता, समोर श्रीराम लागूंचा मास्तर होता. हिंदुराव आवाज चढवत नाही, उलट जितकी सत्ता जास्त तितका हळू बोलतो, आणि मास्तर मारुती कांबळेचं काय झालं ते विचारत राहतो तसा तो आतून ढासळत जातो. बाकीच्या सिनेमातल्या पाटलांना हे आतलं कुठं दिलं होतं? आणि 1979 च्या 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस घ्या, साधा पत्रकार, सगळं बघतो, लिहितो, शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. नक्कल करणाऱ्या एकानं तरी टिपणीस केला का कधी?

सिव्हिल लाईन्सची श्रोती
दोघंही चेहऱ्यावरच बोलून राहिले. चरित्र अभिनेत्याची खरी परीक्षा रेडिओवर होते असं माझं म्हणणं आहे. आपलं नागपूर केंद्र 1948 पासूनचं, तिथल्या श्रुतिकांवर, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांवर, आमची पिढी वाढली. स्टुडिओत मिशी नाही, फेटा नाही, हातातल्या कागदाची सळसळ सुद्धा चालत नाही, गुपित सांगायचं तर माइकजवळ, दारातून हाक मारायची तर दोन पावलं मागं. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, यांचा चेहरा कोणी पाहिला होता? तरी घरातली माणसं वाटायची. कुडतरकर 2019 ला वयाच्या 98 व्या वर्षी गेले तर आजच्या पोरांना नाव सुद्धा माहीत नाही. निळूभाऊंबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्यांचा आवाज ओळखू येतो म्हणून तर नक्कल होते ना, मग तो बदलत होता असं कसं म्हणायचं?

रेशीमबागचा रंगकर्मी
ताई, बदलत होता. डोळे मिटून ऐका. हिंदुराव शब्द सावकाश सोडतो कारण ऐकणारा थांबणारच आहे हे त्याला माहीत असतं. टिपणीस तसाच हळू बोलतो पण त्यात थकवा आहे, आपलं ऐकून काही होणार नाही हे कळलेल्या माणसाचा. पट्टी तीच, माणूस दुसरा. कुडतरकरांचं मात्र तुम्ही अगदी बरोबर बोललात, त्यांना नट म्हणून कोणी मोजतच नाही, निवेदक म्हणून सोडून देतात.

वडसेकर
पुण्या-मुंबईचंच धरून बसले राजेहो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटक चालते, थंडीत शेकोट्या पेटवून माणसं पहाटेपर्यंत बसून रायतात. तिथले नट परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोग केले, 2023 ला पद्मश्री भेटली, तेव्हा कुठं नागपूरवाल्यांनी विचारलं हे कोण म्हणून. सिनेमा नाही, रेडिओ नाही, फक्त मंडप. मग तुमच्या हिशोबानं त्यांचं करिअर लहान का मोठं ते सांगा.

कामठीकर
वडसेकर भाऊ, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खुणे मोठे कारण लोकांनी रात्रभर बसून पाहिलं. निळूभाऊंचा पाटीलही लोकांनीच उचलला, समीक्षकांनी नाही.

रेशीमबागचा रंगकर्मी
लोकांनी उचलला ते खरंच आहे, त्यावर माझं भांडण नाही. भांडण निर्मात्यांशी आहे. 'सारांश'मध्ये 1984 ला हिंदीवाल्यांनी बोलावलं तेही पुन्हा दांडगा पुढारीच करायला. सामाजिक कार्यकर्त्यांच्या मदतीच्या 'सामाजिक कृतज्ञता निधी'साठी लागूंसोबत 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करत फिरलेला हा माणूस विनोदी, प्रेमळ, हरलेला, सगळं करू शकत होता, आणि 2009 ला गेला तोपर्यंत फार थोड्यांनी त्याला ते करायला दिलं. पुढच्या रविवारी तालमीनंतर पोरांना 'सिंहासन' दाखवतो आहे. श्रोतीताई, तुमच्याकडं जुन्या श्रुतिकांचं काही रेकॉर्डिंग असेल तर घेऊन या, पडदा बंद करून तेही ऐकू. कामठीकर, तुम्ही पण या, 'एक गाव बारा भानगडी' तुम्ही आणा.

कामठीकर
येतो. पण आधी झेलेअण्णा लावायचा, मग टिपणीस.