विषय: गुहागर शिबिर – सरांचं हार्टचं ट्रेनिंग राहिलंय

मंडळी,
खेळताना मुलाचं हृदय अचानक थांबलं तर काय करायचं, यासाठी इथल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पालकांच्या सह्या आणि कोचचं ट्रेनिंग लागतं; गुहागरच्या शिबिरातही आपण तेच करतोय. सह्यांचे फॉर्म आले, चार राहिलेत. पण कबड्डीच्या दोन्ही सरांचं ट्रेनिंग झालेलं नाही, व्हिडिओ इंग्रजीत आहे. मागच्या वेळसारखी आयत्या वेळी धावपळ नको. रविवारपर्यंत कळवा.
– सचिव

---

कायदा कॅलिफोर्नियाचा आहे, गुहागरच्या पुळणीवर तो लागू नाही. पालकांच्या सह्या आहेत तेवढं पुरे. सरांनी तीस वर्षं पोरं खेळवली, त्यांना आता परीक्षा द्यायला सांगणं मला बरं वाटत नाही. आणि एईडीच्या (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या मशीनच्या) भाड्याला बजेटमध्ये पैसे नाहीत. हिशोब मला द्यावा लागतो.
– खजिनदार

---

खजिनदारभाऊ, सह्यांनी पोर उठत नाही.

माझा भाचा शाळेच्या स्पर्धेत धावताना कोसळला होता. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी पाणी मारलं. पाच मिनिटांनी उठला, तर पुढच्या शर्यतीत उभा केला! नशीब, निभावलं. इथे कॅलिफोर्नियात एरिक परेडेस या मुलाच्या नावाचा कायदा २०१७ पासून आहे, त्यात नेमकं हेच बंद केलंय: खेळताना शुद्ध हरपली की मूल बाहेर, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. कोचला दर दोन वर्षांनी ट्रेनिंग.

हृदय थांबलं की पोर कधीकधी हातपाय झाडतं, मधेच आचके देतं. आपल्याकडे सगळे म्हणतात, "आकडी आली, श्वास चालू आहे," आणि थांबून राहतात. ते आचके म्हणजे श्वास नव्हे. छाती दाबली नाही, शॉक दिला नाही, तर दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.
– दापोलीची वहिनी

---

कांद्याचं वहिनींनी लिहिलंय, आमच्या आजीचाही तोच उपाय होता, पण त्याने थांबलेलं हृदय सुरू होत नाही.

एईडी माझ्या क्लिनिकचं घेऊन येईन, भाडं नको. सोबत टॉवेल ठेवा. समुद्रातून आलेल्या पोराची छाती कोरडी केल्याशिवाय मशीनचे पॅड चिकटत नाहीत. आणि मशीन माझ्या खोलीत कुलपात नको, कोर्टाच्या कडेला हवं.
– डॉक्टर

---

नमस्कार. मी या मेलच्या यादीवर आहे, सगळं वाचलं. मला वाईट वाटलेलं नाही. मुलं माझ्या भरवशावर सोडता, तर मला हे यायलाच हवं.

व्हिडिओ नको, वहिनींनी फोनवर मराठीत सांगितलं तरी चालेल. छाती कशी दाबायची ते शनिवारी डॉक्टरांनी उशीवर दाबून दाखवावं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, हे मी वहीत लिहून घेतलंय. दाब सोडल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची का, तेवढं सांगा. भुसभुशीत वाळूत दाबलं तर पोरच खाली जाईल, म्हणून कोर्ट सुरूच्या बनाशेजारी घट्ट जागेत आखतो. १०८ला फोन कोण करणार ते रोज सकाळी ठरवू, त्या मुलाचा फोन चार्ज असायला हवा.
– गुहागरचे सर

---

हो सर, पूर्ण वर येऊ द्यायची. शनिवारी पाच वाजता येतो, उशी जाड घ्या.
– डॉक्टर