अडगाव ते सक्करदरा: भोसल्यांच्या फौजेतला पोरगा मोठा कसा झाला असेल?

महालची लेक

नमस्कार मंडळी. आमचं घर नागपूरच्या महालातलं, जुनं. खंडेनवमीला देवासमोर एक तलवार पूजेला मांडतो. ती ज्यांची, त्या पूर्वजांबद्दल आजी एवढंच सांगायची: "अडगावच्या लढाईत त्याला मिसरूड फुटलं नव्हतं, अन् बर्डीच्या लढाईत तो दोन लेकरांचा बाप होता." घरात मोडीतला एक फाटका कागदही आहे. एका जाणकारांनी त्यातला 'बारगीर' हा शब्द आणि घोड्याचा रंग एवढं वाचून दिलं.

अडगाव १८०३, सीताबर्डी १८१७; दोन्ही लढाया नागपूरकर भोसले आणि इंग्रजांमधल्या. मला ही मधली चौदा वर्षं हवी आहेत. माझा भाचा नववीत आहे. लढाई कोण जिंकलं ते त्याला पुस्तकात सापडतं. त्याचा प्रश्न वेगळा आहे: "मावशी, तो माझ्याएवढा होता तेव्हा त्याला तिथे काय करायला लावलं असेल? तो पळाला असेल का?" मला त्याला खरं उत्तर द्यायचं आहे, पोवाडा नको. अडगावच्या मैदानावर त्या पोराने काय पाहिलं असेल, आणि बर्डीपर्यंत पोचताना तो कसा बदलला असेल?

तेल्हाऱ्याचा शेतकरी

ताई, अडगाव आमच्याच तेल्हारा तालुक्यातलं. मी त्या शिवारातून नेहमी जातो, म्हणून लिहून राहिलो.

२९ नोव्हेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज दिवसभर चालून थकलेली, दुपार कलल्यावर सिरसोली गावाजवळ आली. समोर आपले. मधात भोसल्यांचं पायदळ अन् तोफा, त्यांचा सरदार मन्याबापू, म्हणजे रघुजीराजांचा भाऊ व्यंकोजी. शिंद्यांचे घोडेस्वार उजव्या अंगाला, भोसल्यांचे डाव्या अंगाला. तुमचा पोरगा घोड्यावर असंल तर याच डाव्या बाजूला.

भाच्याला हे जरूर सांगा: त्या दिवशी पहिले पळाले ते कंपनीचे शिपाई. दोन महिन्यांआधी असईच्या लढाईत जे पाय रोवून लढले, त्यांच्याच पलटणी सिरसोलीजवळ आपल्या तोफांचे गोळे पडताच मागं फिरल्या. वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. म्हणजे पळणं हे कोवळ्या पोराचंच काम असते असं काही नाही बाप्पा. असई पाहिलेला माणूसही पळते.

मग संध्याकाळी आपली फळी मोडली. चांदणं होतं, अन् त्या चांदण्यात इंग्रजांचं घोडदळ रात्री पाठलाग करत राहिलं. पुरं सपाट रान. लपायला टेकडी नाही, नाला तेवढा मिळंल. त्या पोरानं लढाई घटकाभर पाहिली असंल, पण पाठीवरच्या टापा रात्रभर ऐकल्या असतीन.

मन्याबापू उरलेलं पायदळ घेऊन गाविलगडावर गेला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजात लढताना गेला, अन् त्या दरवाजांच्या अरुंद बोळीत प्रेतांचा खच पडला. तुमचा पोरगा घोडेस्वार होता म्हणून गडावर अडकला नसावा, अन् म्हणूनच तुम्ही आज हे विचारून राहिल्या.

निवृत्त हवालदार, कामठी रोड

ताई, मी इतिहासाचा माणूस नाही. अठराव्या वर्षी फौजेत भरती झालो आणि नोकरी पूर्ण करून बाहेर पडलो. भोसल्यांच्या काळाबद्दल निवृत्तीनंतर हाती येईल ते वाचत आलो.

'बारगीर' हा धागा सोडू नका, त्या पोराचं अर्धं आयुष्य त्यात आहे. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येई. बारगिराचं घोडं दुसऱ्याचं, सरकारी पागेचं किंवा एखाद्या शिलेदाराचं. चेहरे, म्हणजे फौजेतल्या माणसांच्या ओळखीच्या नोंदी, लिहिताना माणसाच्या खुणा लिहीत तशा घोड्याच्याही लिहीत, म्हणून तुमच्या कागदात रंग आला आहे. पंधरा वर्षांच्या बारगिराला आधी तलवार चालवायचं काम मिळत नाही. दाणा-वैरण, खरारा, रात्रीचा पहारा, आणि मागे राहिलेलं सामान गोळा करणं. तो भाच्याएवढा असताना बहुतेक घोड्याच्या पायाशीच झोपला असेल. घोडं मेलं तर शिलेदाराची रोजीच जाते. म्हणून त्या काळचे स्वार तोफेच्या तोंडावर सरळ जायला कचरत. त्याला लोक भित्रेपणा म्हणतात तेव्हा मला राग येतो. त्यांचं घर त्या घोड्यावर चालत होतं.

मधल्या वर्षांचं म्हणाल तर अडगावनंतर देवगावचा तह झाला, १७ डिसेंबर १८०३. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. मुलूख गेला की वसूल जातो, आणि वसूल गेला की शिपायाचा पगार थकतो. १८११ मध्ये पेंढारी नागपूरपर्यंत आले आणि वस्ती जाळून गेले. तुमच्या पूर्वजाने ते घरच्या माडीवरून पाहिलं असेल. पराभव अडगावच्या रानात एका रात्रीत झाला, पण तो या शहरात पोचायला आठ-दहा वर्षं लागली. पोराचा बाप्या झाला तो याच वर्षांत, उसनवारीत, थकलेल्या पगाराच्या वाद्यांवर.

मग १८१६ मध्ये दुसरे रघुजी गेले. मुलगा परसोजी आजारी आणि दृष्टिहीन, कारभार पुतण्या आप्पासाहेबांकडे. त्याच वर्षी तैनाती फौजेचा तह झाला. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी बिछान्यात मृत सापडले आणि आप्पासाहेब गादीवर आले. वय २१. कंपनीचा दरबारातला वकील, म्हणजे रेसिडेंट, जेन्किन्स ३२ वर्षांचा. अडगावला पंधराचा धरला तर तुमचा पूर्वज साधारण २९ चा. तो आपल्या राजापेक्षा वयाने मोठा होता! अडगावला गेला तेव्हा राजा सात वर्षांचं पोर होता. लढाईच्या नकाशात हे कोणी लिहीत नाही, पण रांगेत उभ्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं.

२६ नोव्हेंबरला संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. वर कंपनीचे तेराशे-चौदाशे, खाली आपले १८ ते २० हजार. मध्यरात्रीनंतर थोडा खंड, पहाटे पुन्हा. सकाळी नऊच्या सुमारास धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला आणि भोसल्यांच्या चाकरीतल्या अरब शिपायांनी ती टेकडी घेतली. तेव्हा नागपूर जिंकलंच होतं. मग कॅप्टन फिट्झगेराल्ड बंगालच्या तीन तुकड्या घोडदळ घेऊन मैदानात घुसला, तोफा घेतल्या, पाठोपाठ टेकडीही परत गेली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून ३६७. आजच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की ती टेकडी अगदी समोर येते.

एक आणखी, वरचेही आपल्यासारखे शिपाईच होते. तिथे मद्रासची २४ वी पलटण होती. १८०६ च्या वेल्लोरच्या शिपायांच्या बंडानंतर त्यांचा जुना पहिला क्रमांक काढून घेतला होता. बर्डीच्या लढाईनंतर त्यांनी बक्षीस म्हणून तो क्रमांक परत मागितला, आणि तो मिळाला. पलटणीचा क्रमांक ज्याने खांद्यावर वागवला त्याला यातलं दुःख समजेल. भाच्याला त्यांचीही गोष्ट सांगा.

महालची लेक

हवालदारकाका, हे वाचून घरात सगळे गप्प बसलो. एकच विचारते. बर्डीनंतर डिसेंबरात नागपूरच्याच सक्करदऱ्याला पुन्हा लढाई झाली म्हणतात. पण तोवर आप्पासाहेब शरण गेले होते ना? मग लढलं कोण, आणि कोणासाठी?

निवृत्त हवालदार, कामठी रोड

हाच खरा प्रश्न, ताई.

१२ डिसेंबरला इंग्रजांचा जनरल डोव्हटन मोठी फौज घेऊन आला. इंग्रजांनी अट घातली: तोफा द्या, फौज मोडा. १६ तारखेला सकाळी आप्पासाहेब रेसिडेन्सीत जाऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. बर्डीचा हल्ला आपल्या हुकमाशिवाय झाला, असंही त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे टेकडीखाली ज्यांची माणसं पडली त्यांना कळलं की राजाने तुम्हाला लढायला सांगितलंच नव्हतं.

त्याच दिवशी इंग्रज तोफा ताब्यात घ्यायला पुढे आले. पहिल्या तोफा मुकाट्याने मिळाल्या. सक्करदऱ्याच्या बागेजवळ मात्र गोळे सुटले आणि लढाई पेटली. राजा गोऱ्यांच्या छावणीत, आणि शिपाई तोफेला बत्ती देतोय. मैदान हातचं गेलं तरी शहरातले अरब अडून बसले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधीद्वारावर, इंग्रजांनी हल्ला केला तो फसला. ३० तारखेला अरब आपलं सामान-हत्यार घेऊन, अटी ठरवून बाहेर पडले.

भाच्याने विचारलं ना, तो पळाला असेल का? मला वाटतं अडगावला तो जरूर पळाला, कारण सगळे पळत होते आणि तो सगळ्यांबरोबर होता. फौजेत पहिली काही वर्षं आपण दुसऱ्याच्या पाठीकडे बघूनच चालतो. माझंही तसंच होतं. सक्करदऱ्याला बघायला पाठच नव्हती. हुकूम नाही, राजा नाही, पगार थकलेला, घरी दोन लेकरं. तिथे थांबला असेल तर स्वतः ठरवून थांबला, आणि घरी आला असेल तरी स्वतः ठरवून आला. दोन्हींत मला कमीपणा दिसत नाही. गणपतराव सुभेदार उरलेले स्वार घेऊन पेशवा बाजीरावाकडे गेले. पुढे १८१८ च्या मे महिन्यात आप्पासाहेब कैदेतून निसटले, तेव्हा काही जण महादेवाच्या डोंगरात त्यांना जाऊन मिळाले. तुमचं घर महालातच राहिलं, तलवारही घरातच राहिली. म्हणजे तो परत आला आणि हत्यार टाकून आला नाही.

मोडीवाचक

वरचा अंदाज पटतो, पण कागदच सांगेल तर बरं. मी हौसेने मोडी वाचतो. 'बारगीर' आणि घोड्याचा रंग शेजारी असेल तर तो चेहऱ्याचा किंवा गणतीचा उतारा असू शकतो. तसं असेल तर त्यात वडिलांचं नाव, वय, अंगावरची खूण आणि पागेचा सरदार सापडायची शक्यता आहे. वय मिळालं तर अडगावच्या वेळी तो किती वर्षांचा होता ते निघेल, आणि आजीचं वाक्य ताडून पाहता येईल.

कागदाला लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टी लावू नका. खिडकीशी ठेवून दिवसाच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको. दोन्ही बाजू घ्या, कोरी वाटली तरी मागची बाजूही, कारण शेरे तिथेच असतात. शिक्का असेल तर त्याचा वेगळा जवळून फोटो. मग पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात जाऊन पागेच्या सरदाराच्या नावाने विचारा. बारगिराच्या नावाने विचारलंत तर हाती काही लागणं कठीण.

आणि भाच्याला २६ जानेवारीला बर्डीच्या किल्ल्यावर न्या, त्या दिवशी तो लोकांसाठी उघडतात. किल्ला लढाईनंतर बांधलेला आहे, त्यामुळे भिंती बघण्यात वेळ घालवू नका. वरून खाली, पूर्वेला महालाकडे बघायला सांगा. तुमचे पूर्वज तिकडून आले होते.